थिएटरमधील थंडी आणि म्हाताऱ्या माणसांचा हक्क

घरातील म्हाताऱ्या माणसाचे ऑपरेशन ठरले की नातेवाईक रक्त, औषधे आणि पैसा यांच्या मागे धावतात. थिएटरात रुग्णाचे अंग थंड पडेल काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही. ही बाब किरकोळ समजली जाते. आम्हाला ती किरकोळ वाटत नाही.

शरीराच्या आतील तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे ९६.८ फॅरनहाईटच्या खाली जाणे धोक्याचे. भूल दिल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात, आतली ऊब हातापायांकडे पसरते आणि पहिल्या तासातच तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकते. वृद्धांच्या अंगात स्नायू कमी आणि ऊब धरून ठेवण्याची शक्तीही कमी. ही तूट भरून काढणे त्यांना जड जाते.

परिणाम काय होतो? आतड्यांची शस्त्रक्रिया झालेल्या २०० रुग्णांचा अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे तापमान सरासरी ३४.७ अंशांवर उतरले, त्यांच्यापैकी १९ टक्के रुग्णांच्या जखमांत जंतुसंसर्ग झाला. ऊब दिलेल्यांत हे प्रमाण ६ टक्के होते. थंड पडलेल्यांचा रुग्णालयातील मुक्काम अडीच दिवसांहून अधिक लांबला. हातावर पोट असणाऱ्या घरात याचा अर्थ सोबत बसणाऱ्याची तितक्या दिवसांची मजुरी बुडाली. पाच हजारांवर रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात ३५.५ आणि ३७ अंश यांत विशेष फरक आढळला नाही, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे ३७ चा अट्टाहास नको. पण रुग्णाला ३४ अंशांपर्यंत थंड पडू देण्याची मुभा त्यातून कोणालाही मिळत नाही.

धोका आधी ओळखता येतो. वय, अशक्तपणा, हृदयाचा आजार, मोठे ऑपरेशन, पूर्ण भूल आणि पाठीतले इंजेक्शन एकत्र देणे, ऑपरेशनपूर्वीच उतरलेले तापमान, ही लक्षात घेण्याची कारणे आहेत. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २००८ साली नियम घालून दिले : तातडीचे नसेल तर ३६ अंशांखाली भूल देऊ नये, भूल अर्ध्या तासाहून लांबणार असेल तर ऊब द्यावी, अर्धा लिटर किंवा अधिक सलाईन द्यायचे तर ते कोमट करून द्यावे. २०१६ साली भुलीच्या निदान अर्धा तास आधीपासून ऊब देण्याची शिफारसही तिने केली.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. सरकारी रुग्णालयात वेळेवर उपचार न मिळणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैशाची सबब सांगून राज्याला हे कर्तव्य टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समिती प्रकरणात बजावले. तो खटला तातडीच्या उपचारांचा होता. पण जगण्याचा हक्क थिएटरच्या दारापाशी थांबतो काय?

आमची मागणी साधी आहे. प्रत्येक वृद्ध रुग्णाचे तापमान ऑपरेशनपूर्वी, चालू असताना आणि नंतर केस पेपरवर नोंदले जावे. प्रत्येक सरकारी थिएटरात ऊब देण्याचे साधन असावे. आणि नातेवाइकांनो, संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी भूलतज्ज्ञांना विचारा : आमच्या माणसाचे अंग गरम ठेवण्याची काय व्यवस्था आहे? हा प्रश्न विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.