पुडीची घडी आणि ओरिगामी

श्रीपूर हे साखर कारखान्याभोवती वाढलेले गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला, आणि जेथे कामगारांची वस्ती तेथे किराणा दुकान हे ओघानेच आले. अशा दुकानांतून पिढ्यान्‌पिढ्या एक कला नांदत होती. तिला कोणी कला म्हटले नाही, एवढेच. कागदाचा तुकडा तळहातावर घ्यावा, मधोमध जिरे ओतावे, दोन कडा जुळवून दुमडाव्यात, टोक आत खोचावे आणि दोऱ्याचे दोन वेढे द्यावेत. गोंद नाही, टाचणी नाही. तरीही पुडी घरी पोहोचेपर्यंत दाणा सांडत नसे. प्लास्टिकची पिशवी आली आणि हे हात रिकामे झाले. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी झाली, तरी पुडी काही गल्ल्यावर परतली नाही.

याच कौशल्याला जपानने कलेचे आसन दिले. कोरियातून आलेल्या एका बौद्ध भिक्षूने ६१० साली कागद बनवण्याची विद्या तेथे नेली, असे जपानच्या प्राचीन इतिहासग्रंथावरून मानले जाते. कागद महाग, म्हणून प्रारंभी त्याचा मान धर्मविधींना आणि भेटवस्तूंना. कोणती वस्तू कोणत्या घडीत गुंडाळून द्यावी, याचे नियम सामुराई घराण्यांत ठरलेले असत; इसे सादाताके यांनी ते १७६४ साली ग्रंथबद्ध केले. म्हणजे तेथेही आधी वेष्टन आणि मग करमणूक. निव्वळ मौजेखातर कागदाच्या घड्या शिकवणारे जुने पुस्तक १७९७ सालचे. त्यात एकाच कागदातून परस्परांना जोडलेले अनेक क्रौंच घडवण्याच्या कृती आहेत. पुढे विसाव्या शतकात अकिरा योशिझावा यांनी तुटक रेषा आणि बाण यांची चिन्हलिपी रूढ केली. त्यामुळे जपानी भाषेचे अक्षरही न वाचता कोणालाही घडी कळू लागली.

मराठी घरांना ही कला परकी नाही. डॉ. अनिल अवचट यांनी ओरिगामीचा छंद आयुष्यभर जोपासला, त्याविषयी आपुलकीने लिहिले आणि कितीतरी मुलांच्या हाती कागद दिला.

घरी आरंभ करताना बहुतेक पालक एक चूक करतात: पहिल्याच दिवशी क्रौंच. त्याच्या घड्या पुष्कळ आणि नाजूक. मूल तिसऱ्या पायरीवर कंटाळते आणि कागद चुरगळून मोबाइलकडे वळते. आरंभ पुडीपासून करावा. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपणाऱ्या घरात संध्याकाळ मोठी असते. आजोबांनी कधी दुकान सांभाळले असेल, तर त्यांनाच पुडी बांधून दाखवण्याची विनंती नातवंडांनी करावी. ज्या विषयात आजोबा सहज गुरू आणि नातू शिष्य होतो, असे विषय आता घरात फार उरलेले नाहीत.

त्यानंतर पेला. चौरस कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करावा आणि त्याचा लांब पाया आपल्याकडे ठेवावा. उजवा खालचा कोपरा समोरच्या डाव्या बाजूवर असा न्यावा की त्या घडीची वरची कड पायाशी समांतर राहील. डावा कोपरा त्याचप्रमाणे उजवीकडे. वर दोन पदरी टोक उरते. एक पदर पुढे, दुसरा मागे दुमडावा. तोंड उघडले की पेला तयार. कोऱ्या कागदाचा केला तर त्यात चुरमुरे-शेंगदाणे खुशाल द्यावेत. वर्तमानपत्राचा असेल तर देऊ नयेत, छपाईची शाई अन्नाला लागते.

कागद चौरस नसेल तर एक कोपरा तिरका दुमडून समोरच्या कडेला भिडवावा आणि उरलेली पट्टी काढून टाकावी. दोन्ही बाजू सारख्या का झाल्या, हे मुलालाच विचारावे. भूमितीचा तो पहिला पाठ. मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक लिहिले होते आणि ते युरोपातही वाखाणले गेले.

क्रौंच शेवटी शिकवावा, आणि त्याबरोबर सादाको सासाकीची गोष्ट सांगावी. हिरोशिमावर अणुबाँब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. पुढे रक्ताचा कर्करोग झाला. हजार क्रौंच घडवले की इच्छा पुरी होते, या समजुतीने ती रुग्णालयात घड्या घालत राहिली. औषधांची वेष्टनेही तिने त्यासाठी वापरली. १९५५ साली बाराव्या वर्षी ती गेली. हिरोशिमातील बालकांच्या शांतिस्मारकापाशी आजही देशोदेशीची मुले कागदी क्रौंचांच्या माळा पाठवतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ही गोष्ट पेलते. त्याहून लहानाला थोडे थांबावे.

कागद विकत आणण्याची गरज नाही. व्यापारी घरात लग्नपत्रिकांचे ढीग असतात. पत्रिकेचा पुठ्ठा घडीला निरुपयोगी, पण पातळ पाकिटे उत्तम. जुन्या वहीची कोरी पाने, भेटवस्तूंवरचे रंगीत कागदही चालतात. तीर्थंकरांचे चित्र किंवा शास्त्रवचन छापलेला कागद मात्र आधीच निवडून बाजूला ठेवावा. लहान मुलांना वीतभर तरी मोठा चौरस द्यावा आणि प्रत्येक घडी नखाने दाबून घेण्याची सवय लावावी. ढिली घडी पुढच्या पायरीला हमखास दगा देते.