आधी मोजमाप, मग खर्च

संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐनच्या सनैया या औद्योगिक भागातील गॅरेजांत जुनी गाडी गेली की सल्ले दोनच मिळतात: ‘रिंगा बदला’ किंवा ‘पूर्ण इंजिन उतरवा’. निर्णय मात्र खिशावर नव्हे, झिजेच्या मोजमापावर व्हायला हवा. उन्हाळ्यात ४५ अंशांपुढे जाणारी हवा, वाळूची धूळ आणि जबल हफीत डोंगराचा चढ दुबळ्या इंजिनाची कसोटी पाहतात. एअर फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ सिलिंडरच्या भिंती घासते. अशा झिजून लंबगोल झालेल्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा नीट बसत नाहीत आणि तेल जळतच राहते. म्हणून आधी कॉम्प्रेशन टेस्ट करावी. कमी दाब आलेल्या सिलिंडरमध्ये थोडे तेल टाकल्यावर दाब वाढला, तर दोष बहुधा रिंगा किंवा सिलिंडरचा; न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट तपासावे. केवळ व्हॉल्व्ह सील गेले असतील, तर स्वस्त दुरुस्तीच शहाणपणाची.

इथे कामासाठी आलेला कुणी म्हणेल, दोन वर्षांत मायदेशी परतायचे, मग एवढा खर्च कशाला? मुद्दा रास्त आहे. मर्यादित वापरासाठी तात्पुरती दुरुस्ती चालेल. पण गाडी विकताना ही तात्पुरती दुरुस्ती लपवणे म्हणजे आपला खर्च दुसऱ्या कष्टकऱ्याच्या माथी मारणे. भंगारातील वापरलेले इंजिन स्वस्त वाटते, तरी त्याचा इतिहास अज्ञात असतो. तेही तपासूनच घ्यावे. बेअरिंग वाजत असेल आणि तेलाचा दाब घसरला असेल, तर मात्र टाळाटाळ नको. क्रँकशाफ्ट वाचवायची संधी तेव्हाच असते. गॅरेजवाल्याकडे मोजमापाचे आकडे लेखी मागा, मगच पैसे द्या.