ऑर्कुटच्या काळात लोक खरंच नीट वागायचे का? लातूर-नांदेडच्या कॅफेपासून फॅमिली ग्रुपपर्यंत

दर थोड्या दिवसांनी फेसबुकवर एक पोस्ट फिरत येते. ऑर्कुटचा गुलाबी लोगो, सायबर कॅफेचं लाकडी केबिन आणि खाली एक ओळ, की तेव्हा नेटवर लोक नीट बोलायचे. लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या पेजवर ती आली की कॉमेंटमध्ये खटल्याचा निकालच लागतो. जिओ आलं आणि सगळं बिघडलं, गुड मॉर्निंगवाल्या काकांनी नेटची वाट लावली, वगैरे.

पण ते नीट बोलणारे लोक होते कोण?

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलमार्फत, तेही मोठ्या शहरांत. लातूर-नांदेडच्या बहुतेकांना ते भेटलं नंतर, सायबर कॅफेत. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी तर कॅफेबाहेर रांग लागायची. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तिन्ही जिल्हे बोर्डाच्या लातूर विभागात येतात आणि 'लातूर पॅटर्न'चा दबदबा असलेल्या या पट्ट्यात निकाल म्हणजे अख्ख्या गल्लीचा कार्यक्रम. एक मुलगा आसन क्रमांक सांगणार, कॅफेवाला टाइप करणार आणि मागचे दहा जण टक्केवारी मोठ्याने वाचणार. तेव्हा याला कुणी प्रायव्हसीचा भंग म्हणत नव्हतं.

एरवी त्या केबिनमध्ये बसायची बहुतेक मुलंच. थोडंफार इंग्रजी येणारी, तासाचे पैसे भरू शकणारी. मुली कमी यायच्या आणि आल्या तर मैत्रिणीला सोबत घेऊन. त्यांच्या आया तर कॅफेची पायरीही चढल्या नाहीत. २०११ मध्ये सरकारने कॅफेसाठी नियम आणले. ओळखपत्र सक्तीचं झालं, एक वर्षाची नोंद ठेवणं आलं आणि केबिनचं पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नको, असं ठरलं. सगळेच इतके सभ्य असते तर सरकारला पार्टिशनची उंची मोजावी लागली नसती.

ऑर्कुटवरची भांडणं आपण विसरलोय

२००६ मध्ये ऑर्कुटवरच्या भारतद्वेषी कम्युनिटीचं प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं होतं. लातूर आणि नांदेड याच खंडपीठाखाली येतात. पुढच्या वर्षी छत्रपती शिवाजी महाराजांबद्दलच्या आक्षेपार्ह मजकुरावरून पुणे पोलिसांनी बंगळुरूच्या एका तंत्रज्ञाला अटक केली. आयपी ॲड्रेसच्या माहितीत चूक झाली होती. ज्याचा काही संबंध नाही असा माणूस जवळपास ५० दिवस तुरुंगात राहिला. आणि २०१२ मध्ये, म्हणजे जिओच्या चार वर्षं आधी, पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने पोस्ट लिहिली होती आणि दुसरीने ती फक्त लाइक केली होती. त्यातून सुरू झालेल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ रोजी आयटी कायद्याचं कलम ६६ अ रद्द केलं.

म्हणजे द्वेष होता, ट्रोलिंग होतं, चुकीची माणसं अडकतही होती. फरक इतकाच की ती गर्दी लहान होती आणि एकाच वयाची होती.

ही तक्रार आपल्याकडचीच आहे असंही नाही. अमेरिकेत युजनेट नावाची चर्चेची जागा होती. दर सप्टेंबरमध्ये कॉलेजची नवी मुलं तिथे यायची, महिनाभर गोंधळ घालायची, जुने लोक त्यांना वळण लावायचे. १९९३-९४ च्या सुमारास एओएल कंपनीने आपल्या ग्राहकांना तिथे थेट प्रवेश दिला. नवे लोक येतच राहिले, वळण लावणारे कमी पडले. जुन्यांनी वैतागून याला नाव दिलं, 'कधीच न संपणारा सप्टेंबर'.

लातूर-नांदेडचा असा सप्टेंबर आला २०१६ मध्ये. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झालं आणि डेटा फुकट मिळायला लागला. प्यायला पाणी नाही पण मोबाइलवर व्हिडिओ धो-धो, अशी ती अवस्था. ज्यांना कॅफेचा उंबरठा कधी ओलांडता आला नव्हता ते सगळे, आई, आत्या, सालगडी, किराणा दुकानदार, एकदम आत आले. टाइप करता येत नव्हतं त्यांनी व्हॉइस मेसेज पाठवले. त्यातूनच लातूरचं 'काय करलालास' आणि नांदेडचं 'काय करायलास' नेटवर ऐकू यायला लागलं. त्याआधीच्या मराठी इंटरनेटवर ही बोली औषधालाही सापडत नव्हती. 'तेव्हा लोक नीट बोलायचे' या वाक्यातल्या 'नीट'चा अर्थ कित्येकदा फक्त 'प्रमाण मराठीत' एवढाच असतो.

गुड मॉर्निंगचंही तसंच. २०१८ च्या सुरुवातीला बातम्या आल्या की भारतीयांचे फोन सुप्रभातच्या फोटोंनी भरून जातायत, हे गुगलच्या लक्षात आलंय. सगळे हसले. पण ज्या पिढीने 'पोचलो' हे सांगायला एक मिस्ड कॉल दिला, तिच्यासाठी सकाळचा गुलाबाचा फोटो हाच मिस्ड कॉल आहे. चाकूर किंवा देगलूरची आई पुण्यात शिकणाऱ्या मुलाला रोज काय लिहिणार? फोटो गेला, निळी टिक आली, काम झालं.

मग बिघडतं कुठे?

फॅमिली ग्रुपवर निधनाचा मेसेज येतो. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागते. मधेच कुणीतरी भाच्याच्या वाढदिवसाचा केक टाकतं, मग पुन्हा श्रद्धांजली. यात कुणी निर्दयी नाही. हीच माणसं प्रत्यक्ष भेटायला गेली तर चप्पल काढून गप्प बसतील आणि हळूच विचारतील, 'कसं झालं?' दारावरचं सांत्वन, पोरांचा कट्टा आणि सोयरिकीची बैठक या तीन जागांचे तीन रिवाज गावात लहान पोरालाही कळतात. ग्रुपवर तिन्ही जागा एकाच खोलीत आल्या आणि त्या खोलीला दार नाही. सोडून जावं तर 'रुसला' म्हणतात. गुपचूप ग्रुप सोडायची सोय व्हॉट्सॲपने थेट २०२२ मध्ये दिली. परवानगीशिवाय कुणी ग्रुपमध्ये ओढू नये, ही सेटिंगसुद्धा २०१९ ची.

केकपर्यंत ठीक आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठेचून मारले. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा तेव्हा फोनवरून गावोगाव फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डची मर्यादा पाच चॅटवर आणली. २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकावर आली आणि कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे असे मेसेज फिरण्याचं प्रमाण ७० टक्क्यांनी घटलं. लोक तेच होते, बटण बदललं होतं.

बटणाने न सुटणारी गोष्ट एकच उरते. मामांनी टाकलेला मेसेज खोटा आहे, हे मामांना सांगायचं कुणी? ऑर्कुटवर चूक करणारा आणि चूक दाखवणारा दोघंही विशीतले होते. इथे भाच्याने सगळ्यांसमोर फॅक्टचेकची लिंक टाकली की वाद बातमीवर राहत नाही. 'आता आम्हाला शिकवणार का' इथे येऊन थांबतो आणि पुढच्या लग्नात मानपानाला निघतो. म्हणून शहाणी पोरं पर्सनलवर जातात. 'मामा, हे जुनं आहे, काढून टाका.' मामांच्या हातात त्यासाठी दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ असतो. त्यानंतर 'सर्वांसाठी डिलीट' त्यांना करता येत नाही.

मग उरतो ॲडमिन. ग्रुपवरच्या कुणाच्याही मेसेजसाठी ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्यामुळे पोलिसांची भीती थोडी कमी झाली. आता ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही काढता येतो. फक्त फॅमिली ग्रुपचा ॲडमिन बहुतेकदा तोच भाचा असतो, आणि मेसेज कुठल्या ॲडमिनने काढला हे त्या जागी सगळ्यांना नावासकट दिसतं. मामांनाही.