पहिला ग्राहक गावातलाच हवा

इन्फोसिसचा जन्म पुण्याचा. 1981 साली नारायण मूर्ती आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांनी ती काढली. सुधा मूर्तींनी साठवलेले 10,000 रुपये, हे तिचं भांडवल. पण 1983 मध्ये कंपनीनं पुणे सोडून बेंगळुरू गाठलं, कारण देशातला तिचा पहिला ग्राहक, मायको, तिथं होता. त्या काळी संगणक बाहेरून आणायचा तर परवान्यासाठी दिल्लीच्या खेपा, आणि फोनच्या जोडणीसाठी महिनोन् महिने वाट. आपल्याकडे ही कहाणी मुलांना चिकाटीचा धडा म्हणून सांगतात. मला तिच्यात दुसरंच काही दिसतं. पुण्यात हुशारी होती, माणसं होती, कंपनीही उभी राहिली होती. पण नवख्या माणसांवर विसंबून काम देणारा बेंगळुरूला भेटला, आणि कंपनी त्याच्या गावाला गेली.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरला सॉफ्टवेअरची छोटी कंपनी चालवताना ही गोष्ट मला रोज आठवते. आमचं काम मोंढ्यावरच्या अडत दुकानांचं, पतसंस्थांचं, थोडं शाळांचं. माझे वडील अडत दुकानात मुनीम होते. आमचा पहिला प्रोग्रॅम शेतकऱ्याची हिशोबपट्टी काढायचा, आणि तो वडिलांनी तोंडी सांगितला तसा मी लिहिला.

पट्टी वरवर सोपी दिसते. सोयाबीन आलं, काटा झाला, बारदान्याचं वजन गेलं, ओलावा पाहून भाव ठरला, हमाली-तोलाई कापली, राहिली ती रक्कम. खरी मेख उचलीत असते. पेरणीच्या वेळी बियाण्याला नाहीतर लग्नकार्याला शेतकऱ्यानं दुकानातून पैसे नेलेले असतात. उचल बापाच्या नावावर, माल थोरल्या लेकाच्या नावावर, आणि धाकटा म्हणतो माझ्या वाट्यातलं कापू नका. तयार मिळणाऱ्या पॅकेजमध्ये एका नावाला एक खातं. इथं एका घराला एक खातं लागतं, आणि त्या घरात चार नावं. वडिलांच्या वहीत हे सगळं एका पानावर, शेजारी शेजारी लिहिलेलं असायचं. आम्ही प्रोग्रॅमची रचना त्या पानावरून बेतली, आणि तेवढ्यावर पहिले व्यापारी आमच्याकडे टिकले. ‘ताई, हे आमच्या वहीसारखं दिसतंय,’ असं एक जण म्हणाला, तेव्हा दुकान चालणार याची मला खात्री पटली.

त्यानंतरचे निम्मे कष्ट नावांनी खाल्ले. पतसंस्थांची जुनी सभासद यादी श्रीलिपीत नाहीतर कृतिदेवमध्ये टंकलेली. पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची भेळ. शोधायला जावं तर नाव सापडत नाही, वर्णानुक्रम लागत नाही. ते सगळं युनिकोडमध्ये आणायचं, वर ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ हा एकच माणूस की दोन, हे गावातल्या माणसाला विचारून ठरवायचं. हे काम हिंजवडीत बसून होत नाही. ते करायला सभासदाची आळी ठाऊक असलेला माणूस लागतो.

क्विक हीलची सुरुवात मला म्हणूनच जवळची वाटते. संस्थापक कैलास काटकर सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, शिक्षण दहावीपर्यंत. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी, पुढं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान. दुरुस्तीला आलेल्या संगणकांत व्हायरस सापडायचे. धाकटे भाऊ संजय संगणकशास्त्र शिकत होते; त्यांनी ते काढण्यासाठी छोटे प्रोग्रॅम लिहिले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातून अँटिव्हायरस उभं राहिलं. कंपनीचं नाव तेव्हा कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, 2007 मध्ये ते क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. सिकोया या गुंतवणूकदार कंपनीचे 60 कोटी आले ते 2010 मध्ये, आणि शेअर बाजारातली नोंदणी 2016 ची. म्हणजे बाहेरचा मोठा पैसा यायच्या आधी दीड दशक हे घर ग्राहकाच्या पैशावर चाललं. सुरुवातीला ते पैसे दुरुस्तीचे होते. आज तालुक्याच्या महाविद्यालयात ‘स्टार्टअप’वर व्याख्यान असलं की गुंतवणूकदारापुढं दहा मिनिटांत कल्पना कशी मांडावी हे शिकवतात. पोरांना आधी कुणाच्या तरी दुकानात बसवा, हिशोब बघू द्या, असं मी प्रत्येक वेळी सांगते.

सुरुवातीच्या वर्षांत कंपनी बुडवते ती वसुली. मोंढ्याचं वर्ष दिवाळीच्या पाडव्याला नव्या वहीनं सुरू होतं. लक्ष्मीपूजनाला कीबोर्डलाही हळदकुंकू लागतं. सोयाबीन दसऱ्याच्या सुमारास येतं, मागून कापूस, आणि उन्हाळ्यात हळद. या सुगीत व्यापाऱ्याच्या हातात पैसा खेळतो. जून-जुलैत त्याचा सगळा पैसा शेतकऱ्यांच्या उचलीत गुंतलेला असतो. त्यामुळं वार्षिक देखभालीचं बिल आम्ही एप्रिलऐवजी दिवाळीला काढतो, आणि व्यापारी ते विनातक्रार देतात. अनुभवानं सांगते, मोंढ्यावरचा व्यापारी बोलून घेतो, घासाघीस करतो, पण पैसे बुडवत नाही.

अडकतो तो संस्थांचा पैसा. एका संस्थेचं काम आम्ही पुरं केलं, त्यांनी ते वापरायला घेतलं, आणि बिल ‘पुढच्या बैठकीत ठेवू’ म्हणून एका बैठकीतून दुसरीत फिरत राहिलं. दरम्यान बिल काढलं म्हणून 18 टक्के जीएसटी आम्ही सरकारकडं भरून बसलेलो. पैसे हातात आलेले नाहीत आणि कर मात्र खिशातून गेलेला. मोठ्या कंपनीला हे जाणवतही नाही, चार माणसांच्या कंपनीचा त्यात महिन्याचा पगार जातो.

कायदा आमच्या बाजूनं आहे. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. 2024-25 या कर-आकारणी वर्षापासून प्राप्तिकरातही तरतूद आली: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं या मुदतीत दिलं नाही, तर तो खर्च व्यावसायिकाला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा करता येतो. पण हिमायतनगरसारख्या गावात कोण कुणावर व्याजाचा दावा लावणार? ज्याच्यावर लावायचा त्याच्याशी गावच्या परमेश्वराच्या यात्रेत गाठ पडते, त्याच्या घरच्या लग्नाला जायचं असतं. म्हणून ही गोष्ट कोर्टाकडं न नेता संस्थांनी स्वतःहून पाळायची आहे.

आणखी एक अडसर कागदावरचा आहे. निविदेत अट असते: मागच्या तीन वर्षांची एवढी उलाढाल, एवढ्या कामांचा अनुभव. पहिल्या वर्षातली कंपनी तो अनुभव आणणार कुठून? काम मग दूरच्या शहरातल्या कंपनीला जातं. ती एक माणूस पाठवते, तो प्रशिक्षण देऊन नंदीग्राम एक्सप्रेस पकडतो, आणि पुढं फोन लागत नाही. केंद्राच्या 2017 च्या वित्तीय नियमांत मान्यताप्राप्त स्टार्टअपसाठी उलाढाल आणि अनुभवाची अट शिथिल करायची मुभा दिलेली आहे, गुणवत्तेत तडजोड न करता. ती वाट तालुक्यातल्या निविदेपर्यंत पोहोचायला हवी.

यावर एक आक्षेप रास्त आहे. छोटी कंपनी उद्या बंद पडली तर पतसंस्थेच्या डेटाचं काय? उत्तर करारात लिहिता येतं. डेटा संस्थेच्याच मालकीचा, रोजची प्रत त्यांच्याच कपाटात, आणि कंपनी मिटली तर मूळ कोड त्यांच्या हाती. आम्ही हे प्रत्येक करारात लिहून देतो. मोठ्या कंपन्यांनाही ही अट घालून बघावी. किती जणी मान्य करतात ते संचालकांना लगेच कळेल.

नांदेडची श्री गुरू गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था इन्फोसिसच्याच वर्षी, 1981 मध्ये सुरू झाली. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 चं. इतक्या वर्षांत किनवट, हदगाव, भोकर, हिमायतनगरची किती हुशार मुलं तिथून शिकून पुण्या-हैदराबादला गेली. त्यांना मी दोष देत नाही; काम तिकडं होतं. पण त्यांच्यातली काही आज परत यायला तयार आहेत, काही आमच्याकडं चौकशी करतात, आणि मी त्यांना सांगू शकत नाही की पुढच्या वर्षीही काम असेल.

बाजार समित्या, पतसंस्था, शिक्षण संस्था आणि नगरपंचायत यांच्याकडं माझं मागणं थोडं आहे. मार्चअखेरच्या आत एक ठराव घ्या: ठरावीक रकमेखालच्या संगणकाच्या कामाला उलाढालीची अट नाही, जिल्ह्यातल्या नव्या कंपनीला आधी महिनाभर काम करून दाखवायची संधी, आणि काम पसंत पडलं की 45 दिवसांत पैसे. अंदाजपत्रकात एक रुपयाही वाढवावा लागत नाही. पहिलं काम हदगावच्या एखाद्या मुलीला मिळालं आणि आम्हाला मिळालं नाही, तरी चालेल.