हरकतीचे तीस दिवस
घरपट्टी वाढली की रायगडच्या किनाऱ्यावर पारावर आणि फोनवर भरपूर चर्चा होते. लेखी हरकत मात्र राहून जाते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या नगरपरिषदांना लागू असलेल्या १९६५ च्या कायद्यात आकारणीची यादी जाहीर झाल्यावर हरकतींसाठी किमान ३० दिवस आहेत. पण घराला कुलूप, मालक मुंबईत, आणि तो येणार थेट गणपतीला! तोवर यादी कायम झालेली असते. पनवेलची गोष्ट आणखी कडक. १ ऑक्टोबर २०१६ ला महापालिका झाली आणि पुढे खारघर, कामोठे, कळंबोलीतल्या रहिवाशांच्या हाती स्थापनेपासूनची बिलं पडली. सिडकोला सेवाशुल्क भरलं असताना पुन्हा कर कसला, असं म्हणत लोक उच्च न्यायालयापर्यंत गेले. महापालिका कायद्याच्या कलम ४०६ नुसार बिलाविरुद्ध अपील १५ दिवसांत करायचं, तेही आधी आयुक्तांकडे तक्रार करून आणि मागितलेली रक्कम भरून. ही रक्कम भरण्याची अट अन्यायाचीच आहे. पेन्शनवर जगणाऱ्याला ती दाराबाहेरच थांबवते. म्हणून पहिली हरकत नेटकी हवी. ‘कर फार आहे’ एवढ्यानं भागत नाही. पत्र्याची पडवी पक्क्या बांधकामात धरली का, ओटीचं मोजमाप दोनदा आलं का, रिकामी खोली भाड्याची दाखवली का, हे आकारणीच्या उताऱ्याशी ताडून, फोटो जोडून लिहावं. आणि आवक क्रमांक, तारीख, शिक्का असलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकी सोडू नये. येणं जमत नसेल तर मुंबईकरानं गावातल्या विश्वासू माणसाला अधिकारपत्र आताच देऊन ठेवावं.