गोबरगॅसच्या फायबर टाकीची दुरुस्ती गावातच व्हावी

गोबरगॅस संयंत्राची तरंगती टाकी पूर्वी लोखंडी पत्र्याची करीत. शेणकाल्यातून निघणाऱ्या वायूत हायड्रोजन सल्फाइडचा अंश असतो; त्यामुळे व सततच्या ओलाव्यामुळे पत्रा गंजतो. काचतंतू व रेझिन यांपासून बनविलेली फायबरची टाकी गंजत नाही, हा तिचा मोठा गुण होय. परंतु ती फुटतच नाही, हा समज चुकीचा आहे. आपटल्याने वा ओढाताणीने तिला चीर पडते आणि वीतभर चिरेपायी चालते संयंत्र बंद पडून घरात पुन्हा चुलीचा धूर कोंडतो.

१९८१-८२ साली राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू होऊन संयंत्रांच्या उभारणीस अनुदान मिळाले. उभारणीला जेवढे महत्त्व दिले गेले तेवढेच दुरुस्तीच्या शिक्षणालाही द्यावयास हवे. हे काम गावातील होतकरू तरुणास सहज साधण्याजोगे आहे. टाकीतील गॅस उघड्या हवेत पूर्णपणे जाऊ द्यावा, टाकी बाहेर काढून धुवावी व कडकडीत वाळवावी. चिरेभोवतीचा चार बोटे भाग घासून खरबरीत करावा आणि त्यावर रेझिनमध्ये भिजविलेल्या मॅटचे दोन-तीन थर, बुडबुडे दाबून काढीत, बसवावेत. ओल्या पृष्ठभागावर थर धरत नाही. म्हणून ऐन पावसात हे काम काढू नये.

मात्र अर्धवट शिक्षण येथे घातक ठरते. हार्डनर साधारणतः रेझिनच्या शंभर भागांस एक ते दोन भाग लागतो. तो मापूनच घ्यावा. कोबाल्टचा द्रव आधी रेझिनमध्ये नीट ढवळावा, हार्डनर त्यानंतर घालावा. हे दोन्ही एकमेकांत थेट मिसळल्यास भडका उडतो. हार्डनरचा एक थेंबही डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. तत्काळ निदान पंधरा मिनिटे डोळा पाण्याने धुवून दवाखाना गाठावा. तो पाण्यासारखा दिसतो, म्हणून पिण्याच्या बाटलीत कदापि ठेवू नये. रेझिनची वाफही पेट घेते. जवळपास विडी वा चूल नसावी. चष्मा, हातमोजे व घासताना नाकातोंडावर मुखपट्टी वापरावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी संयंत्रांची संख्या मोजताना त्यांपैकी चालू किती, हेही मोजावे. दर चार-पाच गावांमागे दोन तरुण या कामात तयार झाले, तर बंद टाक्या पुन्हा तरंगू लागतील. संयंत्र देणे हे अर्धे कार्य होय. ते चालते ठेवणे हे उरलेले अर्धे.