आमचं जेवण कोणत्या रकान्यात?

पुण्यात आयटीत काम करणारा सातारकर सुट्टी संपवून परतला की ऑफिसात पहिला प्रश्न ठरलेला असतो : कंदी पेढे आणले का? सांगलीकराला विचारतात : भडंग आणलं का? आणि तो मुसलमान असेल तर आणखी एक प्रश्न वाढतो : ईदच्या बिर्याणीला कधी बोलावतोस? माझं आजोळ साताऱ्याकडचं आणि घर सांगलीचं, त्यामुळे मला तिन्ही प्रश्न येतात. विचारणारे मित्रच आहेत, मनापासून विचारतात. पण या तीन प्रश्नांत एक वाटणी झालेली असते. पेढे आणि भडंग तिकडचे, बिर्याणी तुमची. म्हणजे जे जिल्ह्याचं आहे ते माझं नाही, आणि जे माझं आहे ते जिल्ह्याचं नाही.

ही वाटणी कुणी बसून ठरवलेली नाही, ती सवयीने झाली आहे. शहराची खाद्यसंस्कृती दाखवणारी रील बघा. साताऱ्यात मोती चौक आणि राजवाड्याची चौपाटी, सांगलीत भेळ आणि भडंग, मग कॅमेरा मिरजेला दर्ग्याच्या बाजूला वळतो आणि मागे कव्वाली सुरू होते. तिथे जे दिसतं त्याला 'मुघलाई' म्हणायचं. माझं रोजचं काम डेटाचं आहे. तक्त्यात ज्या गोष्टीला रकानाच ठेवलेला नाही, ती कितीही शोधली तरी सापडत नाही. जेवण मागवायच्या ॲपमध्ये 'महाराष्ट्रीयन' हा एक रकाना असतो आणि 'मुघलाई' हा दुसरा. आमच्या घरात जे शिजतं ते पहिल्यातलं, आणि आमची नावं दुसऱ्यातली.

काय शिजतं ते सांगतो. ज्वारीची भाकरी, हिरव्या मिरचीचा खरडा, हुलग्याचं माडगं, आजोळाहून आलेला कोरेगावचा वाघ्या घेवडा, आणि पाहुणे अचानक आले तर अख्खा मसूर. (हा अख्खा मसूर इस्लामपूरच्या ढाब्यांनी गाजवला. जुलै २०२५ मध्ये सरकारने त्या गावाचं नाव ईश्वरपूर करत असल्याचं जाहीर केलं. मसूर शिजायला पूर्वीइतकाच वेळ लागतो.) मटण होतं, पण महिन्यातून किती वेळा, हे त्या महिन्याच्या हिशेबावर. घरात आम्ही दखनी बोलतो. कालवणाला सालन म्हणतो, शिजलेल्या भाताला खाना म्हणतो. चटणीला मात्र चटणीच.

या चटणीवर जरा थांबायला हवं, कारण सातारा-सांगलीच्या जेवणाचा सगळा तोल तिच्यावर आहे. बाहेरगावचे लोक तिला कांदा-लसूण मसाला म्हणतात. मार्च-एप्रिलमध्ये वर्षाची मिरची घरात येते : रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी. देठं खुडायला अख्खी आळी बसते आणि सगळी आळी शिंकते. कांदा चिरून पत्र्यावर वाळतो. खोबरं, धने, तीळ वेगवेगळे भाजायचे, लसूण शेवटी. मग डबे घेऊन डंकावर रांग. तिथे पहाटेपासून नंबर लागतात आणि नंबरावरून भांडणं होतात, कारण कितीही खरवडून काढली तरी आधीच्या घरची चटणी थोडीफार उखळात राहते आणि पुढच्याच्या डब्यात उतरते. आमच्या आधी कोण आणि आमच्या नंतर कोण, हे दरवर्षी बदलतं. पाटील, कांबळे, शिकलगार, माळी. गेली कित्येक वर्षं सगळ्यांच्या चटणीत सगळ्यांची चटणी आहे.

ईदचा शीरखुर्मा तर आमचाच ना, असं कुणी म्हणेल. आमचाच आहे. त्यातला खजूर बाहेरून येतो, हे खरं. पण बेदाणे तासगावचे. सांगलीच्या पूर्वेकडच्या कोरड्या हवेत, शेडमधल्या जाळ्यांवर वाळलेली ती द्राक्षं. शेवया घरच्या, म्हणजे उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या. त्या करायचं मशीन गल्लीत एकच असतं, ते ज्या घरी असेल तिथे बायका पीठ घेऊन जातात. नानी सांगते की त्यांच्या गल्लीतलं मशीन एका गुरव कुटुंबाकडे होतं. ईद जवळ आली की तीच बाई आधी निरोप पाठवायची, 'तुमचं आधी उरकून घ्या.'

हळदीचंही तसंच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरच्या हरिपूरला जमिनीत खोल पेवं असायची, त्यांत ती वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. २००५ च्या महापुराने त्या पेवांचं मोठं नुकसान केलं. मार्केट यार्डात हळदीचे सौदे निघतात तेव्हा हमाल, तोलाईदार, दलाल यांची आडनावं एकदा ऐका, म्हणजे शहर कशावर उभं आहे ते कळेल. आणि लग्नाआधी ती हळद दोन्हीकडच्या नवरा-नवरीला लागते.

आता मटणाकडे येतो, कारण सध्याचा वाद तिथेच आहे.

आपल्या गावगाड्यात मुलाणी हा बाहेरून आलेला विक्रेता नव्हता. साताऱ्याला इंग्रजांचा अधिकारी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात गावाच्या बलुतेदारांची यादी आहे आणि त्या यादीत मुलाणा आहे. मशिदीची आणि पिराची व्यवस्था त्याच्याकडे, आणि गावकऱ्यांची बकरी हलाल करायचं कामही त्याचंच. सुताराला लाकूडकामाचं बलुतं, कुंभाराला मडक्यांचं, तसं मुलाण्याला सुरीचं. सुगीला खळ्यावर त्याच्या पदरात धान्य पडायचं. जत्रेत देवीपुढचं बकरं असो की पिराच्या कंदुरीचं, सुरी त्याची. आजोळच्या गावात मटणाचं दुकान हिंदू खाटकाचं होतं. पहाटे मुलाणी यायचा, हलाल करायचा, आपला ठरलेला वाटा घेऊन जायचा, मग दुकान उघडायचं. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं आणि कुणाला कुणाची जबरदस्ती वाटत नव्हती. हे भलतं गोड चित्र आहे असंही मी म्हणणार नाही. बलुत्याची पद्धत जातीवर चालत होती, आणि तिच्या तळाशी असलेल्यांना गावाने काय दिलं, ते सगळ्यांना माहीत आहे. पण हलाल ही परकी गोष्ट नुकतीच आपल्या गावांत घुसली, हे जे सांगितलं जातं, ते या दोन जिल्ह्यांपुरतं तरी धादांत खोटं आहे.

मार्च २०२५ मध्ये राज्याच्या एका मंत्र्यांनी झटका मटणासाठी 'मल्हार' प्रमाणपत्राची घोषणा केली. कुणाला झटका खायचं असेल तर त्याने खुशाल खावं, त्याबद्दल आपली काहीच तक्रार असू नये. पण त्या घोषणेत विकणारा फक्त हिंदू खाटीक समाजाचाच असेल, हेही होतं. म्हणजे शिक्का मटणावर मारायचा आणि बघायची ती माणसाची जात. त्याच्या आदल्या वर्षी उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या खानावळींना मालकाचं नाव पाटीवर लावायला सांगण्यात आलं. २२ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली : पदार्थ कोणता ते सांगा, नावाची सक्ती नको. आणि एप्रिल २०२० च्या लॉकडाऊनमध्ये भाजीवाल्याला नाव विचारणारे व्हिडिओ देशभर फिरत होते, ते कुठला बागवान विसरेल?

कारण आपल्याकडे भाजी आणि फळांचा धंदा पिढ्यान् पिढ्या बागवानांचा आहे. माझे एक मामा खटाव तालुक्याच्या आठवडी बाजारांत फळं घेऊन बसतात. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री पुसेसावळीत मशिदीवर हल्ला झाला आणि एका तरुणाचा जीव गेला. त्यानंतरचे दोन बाजार मामांनी बुडवले. तिसऱ्याला गेले, कारण केळी पिकत होती. मी फोनवर विचारलं, कसं झालं? म्हणाले, 'नेहमीची गिऱ्हाइकं आली. काही जण आले नाहीत. एक म्हातारी आली, दोन आठवडे कुठं होतास म्हणून शिव्या घातल्या आणि डझनाला पाच रुपये कमी दिले.'

खाद्यसंस्कृती म्हटलं की मला हे सगळं धरायचं आहे. गोटखिंडीच्या मशिदीत बसणाऱ्या गणपतीची बातमी दर गणेशोत्सवात येते, कडेगावच्या गगनचुंबी ताबुतांची दर मोहरमला येते. चांगल्या बातम्या आहेत, मीही पुढे पाठवतो. पण सण वर्षातून एकदा येतो आणि बाजार दर आठवड्याला भरतो. नातं तुटलंय की टिकलंय, हे केळ्यांच्या गाड्यावर आधी कळतं.

आणि सगळंच बाहेरच्यांनी तोडलंय असंही नाही. मोहरमला गुळाच्या पाण्यात कणीक मळून, वर नक्षी उठवून चोंगे व्हायचे. मलिदा व्हायचा. नवस फेडायला कंदुरी व्हायची. तो नवस बऱ्याचदा एखाद्या मराठा किंवा धनगर कुटुंबाचा असायचा, फातेहा मुलाण्याची, आणि रस्सा-भाकरीच्या पंगतीला सगळा गाव. आता आपल्यातलेच काही जण याला बिदअत म्हणतात. धर्माच्या अंगाने ज्याला जे पटत नाही ते त्याने करू नये. पण मला एवढं दिसतं की पंजे बसायचे थांबले तिथे चोंगेही थांबले, आणि चोंग्यांची जागा दुसऱ्या कुठल्या पदार्थाने घेतली नाही. शेजारच्या घरी ताट जायचं थांबलं, एवढंच झालं. इकडे नव्या हॉटेलांत मोठ्या थाळीतली अरबी मंदी आली आहे. चवीला वाईट नाही. पण वीस वर्षांचा आपला मुलगा त्या थाळीचा फोटो टाकून खाली 'आमचं कल्चर' लिहितो, आणि त्याच्याच घरच्या लग्नात शिजणाऱ्या दालच्याची कृती त्याच्या फोनमध्ये नसते, हे मला खटकतं. ज्या रकान्यात आपल्याला दुसऱ्यांनी टाकलं, त्यात आपण स्वतः चालत जातो आहोत.

म्हणून एक काम सुचवतो आहे, आणि ते या उन्हाळ्यातच व्हायला हवं, कारण ज्यांना विचारायचं त्या सत्तरी-ऐंशीच्या आहेत. घरातल्या एका पदार्थाची पूर्ण नोंद करा. फक्त कृती नको, तशा कृती यूट्यूबवर पडल्या आहेत. जिन्नस कुठल्या बाजारातून आला, कुणी विकला, कुणी दळला किंवा कुटला, तो पदार्थ कुणाच्या घरी पाठवला जायचा आणि बदल्यात त्या डब्यातून काय परत यायचं, दखनीत त्याला काय म्हणतात आणि शेजारी त्यालाच काय म्हणतात, तो करायचं कधी बंद झालं आणि का, हे सगळं लिहा. शेजाऱ्यांच्या आजीलाही विचारा, तिच्या आठवणीत तुमच्या घरचं काय आहे ते. कृती सांगणाऱ्या बाईचं नाव तिला विचारून लिहा. आयुष्यभर पंगतीत शेवटी जेवलेल्या बाईचं नाव निदान कृतीच्या वर यावं.

मापाची अडचण येईल. नानीला 'किती?' विचारलं की ती म्हणते, 'लागेल तेवढं.' यावर उपाय सोपा आहे. तिला तिच्या हाताने करू द्या, तुम्ही फक्त पिठाचा, गुळाचा, चटणीचा डबा आधी आणि नंतर काट्यावर ठेवा. दोन वजनांतला फरक म्हणजे तिचं माप. मी असं तीन वेळा केलं, प्रत्येक वेळी तिची मूठ तीन-चार ग्रॅमच्या आत सारखी भरली.

येत्या महिन्यांत या नोंदी आम्ही दोन्ही भाषांत छापणार आहोत. आधी सातारा-सांगली, मग पुढे जिथून येतील तिथल्या. सुरुवात माझ्या घरच्या माडग्यापासून करायची होती. पण हुलगे आधी भाजायचे की कच्चेच दळायचे, यावर साताऱ्याची माझी आई आणि सांगलीची फुफी यांचं गेल्या रविवारी फोनवर जोरात वाजलं. दोघींपैकी कुणीच माघार घेत नाही, त्यामुळे दोन नोंदी येतील.